विश्लेषण : ‘पीसीओएस’मध्ये वजन घटवणारी औषधे किती उपयोगी? इंजेक्शन स्वस्त झाले तरी कोणती काळजी हवी?

‘आधी वजन कमी करा, मग बघू.’ पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात ‘पीसीओएस’ असलेल्या बहुतेक जणींनी हे वाक्य दवाखान्यात कधी ना कधी ऐकलेले असते. पाळी तीन-तीन महिने येत नाही म्हणून गेले तरी हेच, चेहऱ्यावरच्या केसांची तक्रार घेऊन गेले तरी हेच आणि मूल हवे म्हणून गेले तरीही हेच. वजन कमी कसे करायचे, याचे उत्तर मात्र आहार आणि व्यायाम या दोन शब्दांपलीकडे क्वचितच जात असे. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायच्या इंजेक्शनांनी हे चित्र बदलले आहे. त्यांपैकी सर्वाधिक गाजलेल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि स्वस्त जेनेरिक पर्यायांचा मार्ग मोकळा झाला. पण वजन घटले म्हणजे पीसीओएस आटोक्यात आला का? ही औषधे नेमकी कोणासाठी आहेत? आणि ती घेताना कोणती गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते?

पीसीओएस म्हणजे नेमके काय?

नावात ‘सिस्ट’ असल्यामुळे अंडाशयात गाठी झाल्या आहेत, अशी भीती अनेकींना वाटते. सोनोग्राफीत दिसतात त्या प्रत्यक्षात वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. दर महिन्याला त्यांतील एक पुटिका पूर्ण वाढून तिच्यातून बीज बाहेर पडायला हवे. पीसीओएसमध्ये ही प्रक्रिया अडखळते. परिणामी पाळी लांबते किंवा चुकते. सोबत अँड्रोजेन या गटातील, पुरुषी समजल्या जाणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि चेहऱ्यावर केस येणे, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे असे त्रास सुरू होतात.

शिकागोतील अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या लक्षणांची एकत्रित नोंद केली. आज निदानासाठी प्रामुख्याने २००३ मध्ये ठरलेले ‘रॉटरडॅम निकष’ वापरले जातात. बीज बाहेर पडण्यात अनियमितता, अँड्रोजेनचे वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीत दिसणारी विशिष्ट रचना या तीनपैकी दोन गोष्टी असतील आणि तशी लक्षणे देणारे दुसरे आजार नसतील, तर पीसीओएस असल्याचे मानले जाते. बोलीभाषेत यालाच ‘पीसीओडी’ म्हटले जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे ‘आयसीएमआर’च्या पुढाकाराने देशाच्या विविध भागांत १८ ते ४० वयोगटातील ९,८२४ महिलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉटरडॅम निकष लावले तर १९.६ टक्के, म्हणजे साधारण पाचपैकी एका महिलेत पीसीओएस आढळला. अधिक कडक निकष लावले तर हे प्रमाण ७.२ टक्के होते. कोणताही आकडा धरला तरी हा काही मोजक्या महिलांचा आजार नाही. याच पाहणीतील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. पीसीओएस आढळलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के महिला लठ्ठ होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी त्या व्याख्येत बसत नव्हत्या. ‘पीसीओएस म्हणजे जाड मुलींचा आजार’ हा समज इथेच निकाली निघतो.

मग वजनाचा आणि पीसीओएसचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो इन्शुलिनमार्गे जातो. पीसीओएस असलेल्या अनेकींच्या शरीरातील पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग साखर नियंत्रणात ठेवण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला अधिक अँड्रोजेन तयार करायला लावते. त्याच वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते, बीज पक्व होण्याची प्रक्रिया बिघडते आणि पाळी अनियमित होते.

पोटाभोवती चरबी साठली की पेशींचा इन्शुलिनला होणारा विरोध वाढतो आणि पीसीओएसमध्ये चरबी साठण्याची जागाही बहुधा पोटच असते. म्हणजे आजारामुळे वजन वाढते आणि वाढलेल्या वजनामुळे आजार बळावतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. वजन ५ ते १० टक्के कमी झाले तरी अनेकींची पाळी सुधारते, बीज बाहेर पडू लागते आणि साखर, रक्तदाब, चरबीचे आकडे खाली येतात. ८० किलो वजनाच्या महिलेसाठी हे उद्दिष्ट ४ ते ८ किलोंचे आहे. ‘सडपातळ होणे’ आणि ‘आजार आटोक्यात आणणे’ यांत किती अंतर आहे, हे या आकड्यातून कळते.

मात्र वजन कमी असलेल्या महिलांमध्येही इन्शुलिनची ही अडचण असू शकते. त्यांना वजन घटवणारे इंजेक्शन देऊन काही साधत नाही. उलट, नको तितके वजन उतरले तर त्याच कारणाने पाळी बंद पडू शकते.

इंजेक्शनांपूर्वी कोणती औषधे होती?

सर्वाधिक वापरली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. मधुमेहाचे हे जुने आणि स्वस्त औषध पीसीओएसमध्ये देता येईल, असे व्हेनेझुएलातील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. तेव्हापासून ते जगभर दिले जाते. इन्शुलिनची परिणामकारकता सुधारणे हे त्याचे मुख्य काम. वजनावर त्याचा परिणाम बेताचाच असतो. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, जुलाब, पोटात गुडगुडणे असा त्रास होतो, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. दीर्घकाळ घेतल्यास ‘ब १२’ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी महिलांनी याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

मेटफॉर्मिनने एक धडाही दिला. अमेरिकेतील ६२६ महिलांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. मूल होण्यासाठी क्लोमिफीन हे बीज पक्व करणारे औषध घेतलेल्यांपैकी २२.५ टक्के महिलांना मूल झाले. केवळ मेटफॉर्मिन घेतलेल्यांत हे प्रमाण ७.२ टक्के होते. इन्शुलिन सुधारणे आणि मूल होणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. एका औषधाने दोन्ही आपोआप साधतात, असे नाही.

दुसरे औषध ऑर्लिस्टॅट. आहारातील चरबी पचवणाऱ्या विकराला ते अडवते आणि साधारण ३० टक्के चरबी न पचताच शरीराबाहेर जाते. परिणाम माफक आणि त्रास लाजिरवाणा. तेलकट जेवण झाले की शौच तेलकट होते, कधी आवरतही नाही. अनेक जणी ते मध्येच सोडून देतात.

वजन घटवणाऱ्या औषधांच्या इतिहासात सावध करणारी प्रकरणेही आहेत. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांना इजा करते असे दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकी बाजारातून मागे घेण्यात आले. रिमोनाबँटमुळे नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका दिसला. सिब्युट्रामिनने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असे आढळले. सिब्युट्रामिन पीसीओएस असलेल्या महिलांमध्येही वापरून पाहण्यात आले होते. पुढे भारतानेही या दोन्ही औषधांवर बंदी घातली. आज गाजत असलेले औषध उद्याही सुरक्षित ठरेलच, ही खात्री केवळ प्रसिद्धीतून मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मिळते.

नवी इंजेक्शने कसे काम करतात?

जेवणानंतर आतड्यातून ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला ‘पोट भरले’ असा निरोप पोहोचवते. शरीरात ते काही मिनिटेच टिकते. त्याच्यासारखेच काम करणारे, पण दीर्घकाळ टिकणारे रेणू प्रयोगशाळेत तयार झाले. लिराग्लुटाइड रोज टोचावे लागते, सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. टिर्झेपटाइड हे ‘जीएलपी-१’सोबत ‘जीआयपी’ या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते.

परिणाम आधीच्या औषधांपेक्षा खूपच मोठा आहे. मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींवरील २०२१ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले, तर औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांत २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट झाली. या व्यक्तींनाही आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दिलेले होते. इंजेक्शन घेतले आणि बाकी काही बदलले नाही, असा हा प्रयोग नव्हता.

पीसीओएस असलेल्या महिलांमध्ये पुरावा काय सांगतो?

इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. वरच्या मोठ्या चाचण्या पीसीओएससाठी नव्हत्या. पीसीओएसमधील अभ्यास संख्येने कमी, लहान आणि थोड्या काळाचे आहेत.

डेन्मार्कमधील ७२ महिलांच्या अभ्यासात लिराग्लुटाइडने २६ आठवड्यांत सुमारे ५ किलो वजन घटले आणि यकृतातील चरबी लक्षणीय कमी झाली. अमेरिकेत ८२ महिलांवर ३२ आठवडे झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइडच्या मोठ्या डोसने सरासरी ५.७ टक्के वजन उतरले, तर औषधाविना १.४ टक्के. अँड्रोजेनचे प्रमाणही कमी झाले. त्याआधी २००८ मध्ये ६० महिलांवरील अभ्यासात याच गटातील एक्झेनाटाइड आणि मेटफॉर्मिन एकत्र दिल्यावर, ही औषधे एकेकटी देण्यापेक्षा बीज बाहेर पडण्याचे प्रमाण जास्त दिसले होते. सेमाग्लुटाइडच्या इटलीतील २७ महिलांच्या अभ्यासात बहुतेकींचे वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले आणि औषध लागू पडलेल्या अनेकींची पाळी नियमित झाली. पण तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. टिर्झेपटाइडबाबत तर पीसीओएसमधील स्वतंत्र पुरावा आणखी तुटपुंजा आहे.

या सर्वांचे सार असे की वजन घटते, इन्शुलिनचे आकडे सुधारतात, अनेकींची पाळीही सुधारते. पण चेहऱ्यावरचे केस किती कमी होतात, मूल होण्याची शक्यता किती वाढते आणि दहा वर्षांनी काय होते, याची उत्तरे या अभ्यासांतून मिळत नाहीत.

पीसीओएससाठी ही औषधे मंजूर आहेत का?

नाही. ती टाइप २ मधुमेह किंवा लठ्ठपणा यांसाठी मंजूर आहेत. मंजुरीतील वजनाच्या अटीत एखादी महिला बसत असेल, तर तिला पीसीओएस असला तरी औषध देता येते. मात्र ते लठ्ठपणासाठी दिलेले असते. केवळ पीसीओएस आहे म्हणून, वजन फारसे नसताना इंजेक्शन देणे हा मंजुरीबाहेरचा वापर ठरतो. मेटफॉर्मिनचा पीसीओएसमधील वापरही मंजुरीबाहेरचाच, पण त्यामागे तीन दशकांचा अनुभव आहे.

जगभरातील तज्ज्ञांनी मिळून २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका समतोल आहे. लठ्ठपणा असलेल्या प्रौढ महिलांमध्ये लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, ऑर्लिस्टॅट यांसारख्या औषधांचा विचार, सर्वसाधारण लोकांसाठीच्या नियमांनुसार आणि जीवनशैलीतील बदलांच्या जोडीने करता येईल, असे ती म्हणतात. औषध दीर्घकाळ घ्यावे लागू शकते, हे आधीच सांगावे आणि गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था करावी, असेही त्यांत आहे. आणखी एक गोष्ट ही तत्त्वे ठळकपणे नोंदवतात. वजनावरून होणारी अवहेलना महिलांच्या आरोग्याला अपाय करते आणि दवाखानेही त्याला अपवाद नाहीत.

गर्भनिरोधनाचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

कारण हे औषध ज्या कारणासाठी घेतले जाते, त्याचाच हा परिणाम आहे. वजन उतरले की अडखळलेली प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. पाळी चार महिन्यांनी येते, डॉक्टरांनी ‘मूल व्हायला त्रास होईल’ असे सांगितले आहे, मग गर्भनिरोधक कशाला, असे अनेक जोडपी धरून चालतात. इंजेक्शन सुरू झाल्यावर हा हिशेब चुकतो. पहिली नियमित पाळी येण्याच्या दोन आठवडे आधीच बीज बाहेर पडलेले असते. म्हणजे गर्भधारणेची शक्यता परतली आहे, हे पाळीवरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. समाजमाध्यमांवर ‘ओझेम्पिक बेबी’ नावाने गाजलेल्या गर्भधारणांमागे हेही एक कारण मानले जाते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेकडे अशा ४० हून अधिक नोंदी आल्यावर जून २०२५ मध्ये तिने महिलांना जाहीर सूचना दिली.

गर्भारपणात ही औषधे घेऊ नयेत, असे त्यांच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. प्राण्यांवरील अभ्यासांत गर्भाच्या वाढीवर विपरीत परिणाम दिसले आणि गर्भवतींवर चाचण्या झालेल्या नाहीत. सेमाग्लुटाइड शरीरातून पूर्ण जायला बराच काळ लागतो, म्हणून गर्भधारणेचे ठरवण्याआधी किमान दोन महिने ते थांबवावे लागते. टिर्झेपटाइडसाठी ब्रिटनच्या सूचनेत हा काळ एक महिना आहे.

टिर्झेपटाइडच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ते सुरू केल्यावर चार आठवडे आणि पुढे प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध वापरावा किंवा तांबीसारखा गोळीव्यतिरिक्तचा पर्याय निवडावा, अशी सूचना आहे. पीसीओएसमध्ये पाळी नियमित करण्यासाठी अनेक जणी मुळात याच गोळ्या घेत असतात. ‘मी गोळ्या घेतेच आहे’ हा त्यांचा दिलासा इथे फसवा ठरू शकतो. कोणतेही इंजेक्शन घेताना उलट्या होत असतील, तरीही गोळीवर विसंबता येत नाही.

औषध सुरू असताना दिवस गेलेच, तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टरांना गाठावे. नकळत औषध घेतले गेलेल्या गर्भवतींच्या आतापर्यंतच्या निरीक्षणांत बाळातील जन्मजात दोषांत ठळक वाढ दिसलेली नाही. त्यामुळे घाबरून, कोणाला न विचारता गर्भपाताच्या गोळ्या घेणे हा मार्ग नव्हे.

ही सारी माहिती सुरुवातीलाच द्यायला पाच मिनिटे पुरतात. पण अविवाहित मुलीशी गर्भनिरोधनाबद्दल बोलायला डॉक्टर अवघडतात, तपासणीला आई सोबत असते आणि मुलगीही विचारत नाही. हा संकोच औषधाच्या दुष्परिणामांइतकाच धोक्याचा आहे.

दुष्परिणाम कोणते आणि औषध बंद केल्यावर काय?

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, जुलाब हे नेहमीचे त्रास. डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकींना ते सोसवतात. पित्ताशयात खडे होणे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येणे हे गंभीर धोके. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ आली तर थांबून चालत नाही. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ही औषधे देत नाहीत.

उतरलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूंचाही वाटा असतो. विविध अभ्यासांत घटलेल्या वजनाच्या एक चतुर्थांश ते ४० टक्के भाग चरबीव्यतिरिक्त शरीरभाराचा आढळला आहे. भूकच मेल्यामुळे दोन घास खाऊन उठणाऱ्या महिलेच्या ताटात डाळ, उसळ, दही, अंडी यांना जागा उरली नाही, तर हा तोटा वाढतो. ज्यांच्या आहारात मुळात प्रथिने कमी आणि रक्तात लोह कमी, त्यांच्यासाठी ही काळजी अधिक. वजने उचलण्याचे किंवा स्नायूंना ताण देणारे व्यायाम इथे औषधाइतकेच गरजेचे ठरतात.

बंद केल्यावर वजन परतते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग पुन्हा वाढला. स्लोव्हेनियातील पीसीओएस असलेल्या २५ महिलांच्या लहान अभ्यासात सेमाग्लुटाइड थांबवून मेटफॉर्मिन सुरू ठेवले होते. तिथे दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश वजन परतले. एवढ्या लहान अभ्यासावर फार भिस्त ठेवता येणार नाही. पण ‘लग्नापुरते तीन महिने घेऊ’ किंवा ‘पाळी सुरू झाली की सोडू’ ही योजना शरीराच्या नियमांत बसत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

स्वस्त होण्याने काय बदलते?

टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत डोसनुसार ३,५०० आणि ४,३७५ रुपये होती. जून २०२५ मध्ये आलेल्या सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या पेनला महिन्याला साधारण १७ हजार ते २६ हजार रुपये लागत होते. नोव्हेंबरात कंपनीने ही किंमत मोठ्या प्रमाणात कमी केली. पेटंट संपल्यावर ही औषधे फक्त श्रीमंतांची राहण्याचे कारण उरत नाही आणि ते स्वागतार्हच आहे. ज्या महिलेला साखर, रक्तदाब, यकृतातील चरबी आणि लठ्ठपणा यांनी एकत्र घेरले आहे, तिला केवळ पैशांअभावी उपचार नाकारला जाऊ नये.

धोका आहे तो या स्वस्ताईबरोबर येणाऱ्या घाईचा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. भारतातील १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार कायदा लठ्ठपणा आणि मासिक पाळीच्या तक्रारी या दोन्हींवरील औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना या दोन दुखऱ्या जागांवर बोट ठेवून महिलांना फसवता येते, हे कळले होते. आज मोबाइलच्या पडद्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांखाली नेमका तोच व्यवहार चालतो. विक्रेता बदलला, जाहिरातीचे माध्यम बदलले, दुखरी जागा तीच आहे.

मग निर्णय कसा घ्यावा?

पहिली गोष्ट म्हणजे उद्दिष्ट ठरवणे. पाळी नियमित करायची, चेहऱ्यावरचे केस कमी करायचे, मूल हवे की मधुमेह टाळायचा, यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पाळीसाठी आणि केसांसाठी संप्रेरकांच्या गोळ्या, मूल हवे असल्यास लेट्रोझोल, इन्शुलिनसाठी मेटफॉर्मिन हे पर्याय आधीच उपलब्ध आहेत. वजनाचे इंजेक्शन त्यांच्या जोडीला येते, त्यांच्या जागी नव्हे. पाळी ९० दिवसांहून अधिक लांबत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराची काळजी वजन उतरेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. त्यासाठी वेगळे औषध लागते.

दुसरी गोष्ट, सुरू करण्याआधी काही प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावेत. माझे वजन आणि पोटाचा घेर पाहता मला या औषधाची गरज आहे का? किती महिने घ्यावे लागेल आणि थांबवल्यावर काय करायचे? पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मूल हवे असेल, तर थांबवण्याचा दिवस कोणता? तोवर गर्भनिरोधनासाठी काय? खाण्याबाबतचा मानसिक त्रास किंवा नैराश्य आधीपासून असेल, तर तेही सांगावे. पीसीओएसमध्ये या दोन्हींचे प्रमाण जास्त असते.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये काही वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक असते. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा मुलीला ‘स्थळे यायला लागतील’ म्हणून इंजेक्शनाच्या दारात नेणे हा उपचार नाही.

अनेक दशके या आजाराकडे प्रामुख्याने ‘मूल होईल का’ आणि ‘बारीक कधी होणार’ या दोन प्रश्नांतूनच पाहिले गेले. नव्या औषधांमुळे वजनाचा प्रश्न इच्छाशक्तीचा नसून शरीरातील संप्रेरकांचाही आहे, हे आता मान्य होऊ लागले आहे. हा त्यांचा मोठा फायदा. ‘आधी वजन कमी करा’ असे सांगणाऱ्यावर ते कसे करायचे, हे सांगण्याची जबाबदारीही आता आली आहे. मात्र त्या सल्ल्याच्या जागी एक चिठ्ठी आणि एक पेन एवढेच आले आणि संवाद पूर्वीइतकाच तोकडा राहिला, तर काट्यावरचा आकडा तेवढा बदलेल. महिलेच्या वाट्याचे न विचारलेले प्रश्न तसेच राहतील.